जुनं इंजिन बसवण्याआधी

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

डिचोली तालुक्यातल्या एका वाचकाची 2013 ची पेट्रोल वॅगन आर आहे, 1 लाख 24 हजार किलोमीटर चाललेली. मे महिन्यात बेळगावला जाताना केरीच्या पुढं चोर्ला घाट चढताना तापमानाचा लाल दिवा लागला. थांबायला जागा नव्हती, म्हणून ते आणखी दोन-तीन वळणं तसेच चढले आणि गाडी खडखड करून बंद पडली. टो करून आणल्यावर गॅरेजवाल्यानं सेल्फ मारून पाहिला. इंजिन फिरलं नाही, तेव्हा 'सीज झालंय' असं सांगून त्यानं तीन पर्याय दिले. हेच इंजिन बांधून घ्यायचं तर साठ हजार. कुर्ल्याहून जुनं इंजिन आणायचं तर 28 हजार आणि बसवायचे 12 हजार. ते 'फक्त चाळीस हजार चाललेलं' आहे म्हणे. किंवा ओळखीच्या भंगारवाल्याकडं अल्टो के10 चं इंजिन पंधरा हजारांत पडून आहे, 'तेच बसतं'. इंजिन क्रमांकाची काळजी करू नका, जुनाच नंबर ठोकून देऊ, असंही तो म्हणतो. आहे त्या स्थितीत गाडीला 45 हजारांचं गिऱ्हाईक आलंय आणि घरच्यांचं मत विकून मोकळं व्हावं असं आहे. चवथीपर्यंत गाडी दारात हवी. वाचकाचा प्रश्न: कुर्ल्याचं इंजिन घेऊ का?

उत्तर:

तुमच्या पत्रात आकडे भरपूर आहेत, पण गाडी तापली कशानं हे कुठंच नाही. गॅरेजवाल्यानंही ते सांगितलेलं दिसत नाही. कुर्ल्याचं इंजिन कितीही चांगलं निघालं तरी ते जोडलं जाणार तुमच्याच रेडिएटरला आणि तुमच्याच फॅनला. पहिलं ज्यानं मेलं ते तिथंच राहिलं तर दुसरंही पुढच्या उन्हाळ्यात त्याच वाटेनं जाईल. म्हणून इंजिन कुठलं घ्यायचं हा प्रश्न मी जरा मागं ठेवतो.

त्याहून आधीचं म्हणजे, इंजिन खरंच गेलंय का? सेल्फ मारल्यावर फिरलं नाही एवढ्यावरून ते ठरत नाही. तापलेल्या इंजिनात पिस्टन फुगून बोअरमध्ये (सिलिंडरच्या नळीत) आवळतो, पण गार झाल्यावर पुष्कळदा सुटतो. हेड गॅस्केट, म्हणजे वरचं हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधली पातळ पट्टी, फुटून सिलिंडरमध्ये पाणी भरलं असेल तरीही इंजिन फिरत नाही, कारण पाणी दाबलं जात नाही. मेकॅनिकला तीनही प्लग काढायला सांगा, क्रँक पुलीच्या बोल्टवर सॉकेट लावा आणि लांब दांड्यानं घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं हळू फिरवून पाहा. जोर करून झटका द्यायचा नाही. फिरलं आणि प्लगच्या भोकातून पाणी उडालं, तर दोष बहुधा गॅस्केटचा किंवा हेडचा आहे. मग ऑइल स्वच्छ टबात काढा. ते दुधाळ कॉफीसारखं दिसलं तर पाणी मिसळलंय. उन्हात धरल्यावर चंदेरी-तांबूस चकाकी दिसली तर बेअरिंग खाल्लेली आहेत. ऑइल फिल्टर कापून त्याचा कागद उलगडला की ही चकाकी आणखी स्पष्ट दिसते.

चकाकी नसेल तर हेड उतरवा. या कामाचे तीन-चार हजार गेले तरी चालतील, पुढचे चाळीस-पन्नास हजार कशावर घालायचे ते त्यातूनच कळणार आहे. तुमचं के10बी इंजिन तीन सिलिंडरांचं, 998 सीसीचं, हेड आणि ब्लॉक दोन्ही ॲल्युमिनियमचे. ॲल्युमिनियम तापलं की वाकतं. लेथवाल्याकडं सरळ पट्टी आणि फीलर गेजनं (पातळ मोजपानांनी) सपाटी मोजून घ्या, 0.05 मिमीचं पान पट्टीखालून सहज जात असेल तर फेसिंग, म्हणजे घासून सपाट करणं, लागणार. इथं बरेच जण एक चूक करतात: हेड फेसिंग करून आणतात आणि ब्लॉकची वरची बाजू मोजतच नाहीत. महिन्याभरात नवी गॅस्केट पुन्हा फुटते आणि दोष गॅस्केटच्या कंपनीला दिला जातो. दोन्ही बाजू मोजा. मग बोअरवरून नख फिरवा. नखाला अडकेल असा उभा ओरखडा नसेल आणि ब्लॉकवर सरळ पट्टीही नीट टेकत असेल, तर तुमचं काम हेडपुरतं आहे. हेड तडकलेलं निघालं तर जुनं हेड विकत मिळतं. इंजिन क्रमांक ब्लॉकवर असतो, हेडवर नाही, त्यामुळं हेड बदललं तरी कागदपत्रांना धक्का लागत नाही.

आता तापण्याच्या कारणाकडं. गाडी चालू होती तेव्हा एसी लावल्यावर फॅन फिरायचा का? फिरत नसेल तर फॅनच्या मोटरला बॅटरीची थेट वायर लावून पाहा. मोटर फिरली तर दोष रिले, फ्यूज किंवा तापमान सेन्सरकडं आहे. तुमच्या भागात खाणीच्या रस्त्यांवरची लाल धूळ रेडिएटरच्या पापुद्र्यांत बसते आणि पहिल्या पावसात चिखल होऊन तिथंच वाळते. समोरून रेडिएटर स्वच्छ दिसतो, पण एसी कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधली फट गच्च भरलेली असते. पाण्याच्या पंपाखाली गंजाचा किंवा वाळलेल्या कूलंटचा ओघळ असेल तर पंप बदला. थर्मोस्टॅट दोऱ्यानं पातेल्यात टांगून पाणी तापवा. उकळी फुटण्याच्या बरंच आधी तो उघडला नाही तर तो मेला.

रेडिएटरच्या झाकणाकडं तर कुणी बघतच नाही. त्यावर 0.9 किंवा 1.1 असा आकडा छापलेला असतो, तो बारमधला दाब. 0.9 बारचं झाकण नीट बसलं तर आतलं पाणी 118 अंशांच्या आसपास उकळतं. त्याचं रबर चिरलं असेल तर शंभरालाच. घाटात हा अठरा अंशांचा फरकच गाडी वर पोचवतो. शेवटचं म्हणजे पाणी. विहिरीचं किंवा बोअरवेलचं पाणी वर्षानुवर्षं ओतलं की रेडिएटरच्या नळ्या आतून क्षारांच्या थरानं भरतात. 'गोव्यात थंडी कुठं, कूलंट कशाला' हे नेहमी ऐकू येतं, पण कूलंट इथं गोठू नये म्हणून नाही, गंज रोखायला आणि उकळबिंदू वाढवायला घालतात.

आणि हे सगळ्यांसाठीच सांगून ठेवतो. लाल दिवा लागला की एसी बंद, हीटर पूर्ण गरमवर, ब्लोअर जोरात, आणि पहिल्या मिळेल त्या कडेला गाडी उभी. झाकण अर्धा-पाऊण तास उघडायचं नाही. तापल्या इंजिनावर किंवा रेडिएटरमध्ये थंड पाणी ओतलं की हेड तडकतं. घाटात जागा नव्हती हे खरं, तरी चारही इंडिकेटर (हॅझर्ड दिवे) चालू करून वळणाच्या अलीकडं रस्त्यातच थांबणंही त्या दोन-तीन वळणांपेक्षा स्वस्त पडलं असतं.

समजा हेड उतरवलं आणि बोअर खरोखर खाल्लेले निघाले, तर बांधून घेणं की जुनं इंजिन?

साठ विरुद्ध चाळीस अशी तुलना तुम्ही मांडलीय, ती खरी नाही. चाळीस हजारांत नुसतं इंजिन आत जातं. इंजिन बाहेर असताना जे बदललंच पाहिजे ते त्यात दिसत नाही: क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंगचा सेट, क्रँकचं मागचं आणि पुढचं ऑइल सील, पाण्याचा पंप, थर्मोस्टॅट, पट्टे, प्लग, कूलंटचे होज, गॅस्केटी, ऑइल-फिल्टर, मुंबईहून आणण्याचं भाडं आणि बहुधा रेडिएटरही. मागचं सील दोन-तीनशे रुपयांचं असतं, पण ते नंतर गळलं तर गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागतो. हे सगळं धरून पंधरा-अठरा हजार वर जातात. म्हणजे हिशेब साठ विरुद्ध सत्तावन्न असा आहे. त्या साठात तुमचा ब्लॉक, तुमचा क्रमांक आणि आरसी जशीच्या तशी राहते, तेही मोलाचं. मात्र बांधणीत लेथवाला चांगला हवा आणि पिस्टन-रिंगा अस्सल हव्यात. ओव्हरसाइज (मूळ मापाहून मोठे) पिस्टन मिळणार आहेत की नवे लायनर (बोअरच्या आतली नळी) घालायचे, हे बोअर कापायच्या आधी विचारा. कापून झाल्यावर पिस्टन शोधत फिरणारे कमी नाहीत.

अल्टो के10 चं इंजिन पंधरा हजारांत म्हणजे चार आण्याची कोंबडी बारा आण्याचा मसाला. के10बी हे नाव वॅगन आर, अल्टो के10, सेलेरियो, ए-स्टार अशा कितीतरी गाड्यांत आहे. पण आतला गाभा एक असला तरी भोवतीचं सामान एक असेलच असं नाही. इंजिनाची फाउंडेशन (ज्यांवर इंजिन बसतं ते आधार), एसी कॉम्प्रेसरचा ब्रॅकेट, इनटेक, एक्झॉस्ट, सेन्सरांचे कनेक्टर मॉडेलप्रमाणं आणि वर्षाप्रमाणं बदलू शकतात. एका गाडीत थ्रॉटल केबलवर चालतो, दुसरीत तो इलेक्ट्रॉनिक असतो. इंजिन घ्यायचंच तर वॅगन आरचंच, तुमच्याच पिढीचं, तुमच्याच वर्षाच्या आसपासचं आणि त्याच भारत स्टेज (प्रदूषण) मानकाचं. दोन्ही इंजिनं शेजारी ठेवून प्रत्येक कनेक्टर, प्रत्येक बोल्टचं भोक ताडून पाहा. शंका असेल तिथं तुमच्याच जुन्या इंजिनावरचा इनटेक, सेन्सर, अल्टरनेटर नव्यावर चढवा. ईसीएम (इंजिन चालवणारा संगणक) मात्र तुमच्या गाडीचाच ठेवा. किल्लीतल्या चिपशी त्याची ओळख असते. दुसऱ्या गाडीचा ईसीएम घातला की इमोबिलायझर इंजिन सुरू होऊ देत नाही, आणि मग दोष इंजिनात शोधत दोन दिवस जातात.

'चाळीस हजार चाललेलं' याला पुरावा काय? किलोमीटर मीटरमध्ये असतात, इंजिनात नाही, आणि मीटर त्या गाडीबरोबर गेलं. विक्रेत्याचा शब्द बाजूला ठेवा आणि इंजिन तपासा. ते अजून मूळ गाडीत असेल आणि चालू करून दाखवता आलं तर उत्तम. खाली काढलं असेल तर गिअरबॉक्ससकट आहे का विचारा, कारण स्टार्टर गिअरबॉक्सच्या बेल हाउसिंगला बसतो. नुसतं इंजिन जमिनीवर ठेवून कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजता येत नाही. मोजताना तीनही प्लग काढलेले, थ्रॉटल पूर्ण उघडा, पेट्रोल आणि इग्निशन तोडलेलं, बॅटरी पूर्ण चार्ज. निरोगी पेट्रोल इंजिन गरम असताना साधारण 170 ते 200 पीएसआय दाखवतं, गार असताना थोडं कमी. आकड्यापेक्षा तिघांमधला फरक महत्त्वाचा. तो दहा टक्क्यांच्या वर गेला तर सोडून द्या. एखादा सिलिंडर कमी दाखवत असेल तर त्यात चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा गेल्यात, चढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट.

ऑइल भरायचं झाकण उघडून आत टॉर्च मारा. मधासारखा रंग चालेल. डांबरासारखा काळा थर असेल तर ऑइल वेळेवर बदललेलं नाही, आणि या इंजिनात टायमिंग चेन असल्यानं त्याचा फटका चेन आणि टेन्शनरला बसतो. पांढरा साय-थर म्हणजे पाणी. पुराचं इंजिन ओळखायला शिका: 2019 आणि 2021 साली कोल्हापूर-सांगलीकडं पाण्याखाली गेलेल्या गाड्यांसारखा माल सुट्या भागांच्या रूपानं बाजारात येतो. अल्टरनेटरच्या जाळीत, कनेक्टरच्या पिनांजवळ, ब्रॅकेटच्या कोपऱ्यात सुकलेला बारीक गाळ धुऊनही राहतो. बाहेरून वॉटर सर्व्हिस करून चकचकीत केलेल्या इंजिनावर मी जास्त संशय घेईन, तेलकट धुळीचं परवडलं.

वाहतुकीत एक गोष्ट हमखास बिघडते. इंजिन ट्रकमध्ये चेंबरवर, म्हणजे तळाच्या ऑइलच्या टाकीवर, बसवून पाठवतात. चेंबर आत दबला की ऑइल ओढणाऱ्या गाळणीचं तोंड झाकलं जातं, बाहेरून जेमतेम पोचा दिसतो, आणि नवं बसवलेलं इंजिन ऑइलवाचून बेअरिंग खातं. आल्या आल्या चेंबर उतरवा, पोचा काढा, गाळणी धुवा, नव्या सीलंटनं बसवा. त्याच वेळी बेअरिंगची एखादी टोपी उघडून पाहून घ्या. इनटेक, एक्झॉस्ट आणि प्लगची भोकं टेप लावून बंद करून पाठवायला सांगा, नाहीतर पावसाचं पाणी सरळ बोअरमध्ये.

बसवणीतलं सगळं मेकॅनिक जाणतो असं धरतो, तरी दोन ठिकाणी तुम्ही उभे राहा. इंजिन आणि गिअरबॉक्स एका ओळीत ठेवणाऱ्या दोन डॉवेल पिना जुन्या ब्लॉकमध्येच राहून जातात. त्या काढून नव्यात घातल्या की नाहीत ते डोळ्यांनी पाहा. नसतील तर गिअरबॉक्स केसभर तिरका बसतो आणि काही महिन्यांत क्लच थरथरतो, इनपुट शाफ्टचं बेअरिंग आवाज करतं. आणि गिअरबॉक्स हातानं सरकून पूर्ण टेकला पाहिजे. फट राहिली तर बोल्ट आवळून ती ओढून घ्यायची नाही, क्लच प्लेट मध्यावर नाही असा त्याचा अर्थ. एसीचे पाइप न सोडता कॉम्प्रेसर फक्त बोल्ट काढून बाजूला बांधून ठेवता येतो, म्हणजे गॅस भरायचे पैसे वाचतात.

पहिल्यांदा सुरू करताना पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून, इग्निशन कॉइल सोडून, दहा-दहा सेकंद सेल्फ मारायचा, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. मगच पेट्रोल. हीटर गरमवर ठेवून, गाडीचं नाक थोडं वर करून हवा काढायची आणि फॅन दोनदा लागून बंद होईपर्यंत जागा सोडायची नाही. पहिला आठवडा रोज सकाळी गार इंजिनात पाणी आणि ऑइल बघा. पाचशे किलोमीटरला ऑइल-फिल्टर बदला. जुना साठलेला मळ नव्या ऑइलनं सुटून येतो.

आता नंबर ठोकण्याबद्दल. हे करू नका. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणं खासगी मालकानं इंजिन बदलण्याआधी नोंदणी कार्यालयाची मंजुरी घ्यायची असते, आणि बदल झाल्यावर चौदा दिवसांत कळवून आरसीत नोंद करून घ्यायची असते. तुमच्यासाठी ते डिचोलीचं सहायक वाहतूक संचालक कार्यालय. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची लेखी संमतीही लागते. परवानगीविना केलेल्या बदलाला 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 182अ मध्ये सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड आहे. खोडून ठोकलेला नंबर तर याहून वाईट: ती चोरीची गाडी ओळखण्याची पहिली खूण आहे, आणि खोडलेला मूळ क्रमांक प्रयोगशाळेत रसायन लावून पुन्हा वर आणता येतो. मेकॅनिक उद्या गॅरेज बदलेल, आरसी तुमच्या नावावर राहील. अपघात झाला तर विम्याचा सर्व्हेअर सगळ्यात आधी चासी आणि इंजिन क्रमांकच ताडून बघतो.

म्हणून विक्रेत्याकडं इंजिनाआधी कागद मागा. जीएसटी बिल, त्यावर इंजिन क्रमांक. मूळ गाडीचा नोंदणी आणि चासी क्रमांक. तिची नोंदणी रद्द झाल्याचा दाखला किंवा आरसीची प्रत. एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या) 'वाहन समन्वय' नोंदीत तो क्रमांक चोरीच्या वाहनाचा नाही ना हे पाहा. हमी तोंडी नको. निदान महिनाभराची आणि इंजिन बदलून देण्याची, बिलावर लिहून. मजुरी कुणाची हेही त्यातच ठरवा, कारण खराब निघालं तर विक्रेता इंजिन देतो, पुन्हा काढण्या-घालण्याचे बारा हजार तुमच्या गळ्यात येतात. कागद देत नसेल तर 28 चे 18 केले तरी घेऊ नका.

घरच्यांचं विकण्याचं मतही मी उडवून लावणार नाही. गाडी लिफ्टवर घेऊन खालून बघा: दरवाज्याखालचे पट्टे, मागच्या ॲक्सलच्या जोडण्या, पुढच्या शॉकॲब्सॉर्बरच्या वरच्या वाट्या. स्क्रूड्रायव्हर टोचल्यावर पत्रा आत जात असेल तर साठ हजारांचं इंजिन त्यात घालण्यात अर्थ नाही, 45 हजार घ्या. शिवाय पंधरा वर्षांची नोंदणी 2028 ला संपेल. पुढं तपासणी करून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण होतं, पहिल्या नूतनीकरणाची फी कारसाठी 5,000 रुपये आहे, पण गंजलेला सांगाडा त्या तपासणीत अडतो. पत्रा ठणठणीत असेल तर मात्र गाडी ठेवावी असं माझं मत. तेवढ्या पैशांत बाजारात मिळणाऱ्या दुसऱ्या जुन्या गाडीचा इतिहास तुम्हाला माहीत नसेल, हिचा आहे.

थोडक्यात क्रम असा धरा: या आठवड्यात प्लग काढून इंजिन फिरवणं आणि हेड उतरवणं. ब्लॉक वाचला तर हेडचं काम. बोअर गेले आणि लेथवाला भरवशाचा असला तर बांधणी. तो नसेल आणि कागदांसकट वॅगन आरचंच इंजिन मिळत असेल तरच कुर्ला, आणि तेव्हा आधी वाहतूक कार्यालयात अर्ज, मग ॲडव्हान्स.

चवथीचं म्हणाल तर हेडच्या कामाला आठवडा पुरतो, बांधणीला लेथवर रांग असेल त्याप्रमाणं दोन-तीन. इंजिन बदलायचं ठरलं तर मंजुरीला लागेल तितका वेळ लागू द्या आणि सणाच्या दिवसांसाठी भाड्याची गाडी आत्ताच सांगून ठेवा. चवथीत ऐनवेळी ती मिळत नाही. नोंद होऊन आरसी हातात आली की तिची प्रत विमा कंपनीला पाठवून पॉलिसीवर नवा इंजिन क्रमांक चढवून घ्या. या वेळच्या बिघाडाचा दावा करता येईल का, असं कुणी सुचवलंच तर: नुसत्या तापण्यानं झालेलं नुकसान नेहमीच्या पॉलिसीत धरलं जात नाही. इंजिनाचं वेगळं संरक्षण घेतलेलं असेल तरच, त्याच्या अटी वाचून, विचारून पाहा.